जिवंत खडकाचा जाणता : फिलिप हेन्री गॉस

आमच्या छाणीपासून समुद्र दूर आहे. येथील मुलांना पाणी ठाऊक असते ते गावच्या तलावाचे, नळाचे, किंवा पावसाळ्यात दुथडी भरून वाहणाऱ्या महीचे. तथापि काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद समुद्राची वाट पाहत बसत नाही. काही हौशी मंडळी गोड्या पाण्यावर संतुष्ट न राहता खाऱ्या पाण्याची पेटीही मांडतात. अशा पेटीपुढे उभा राहणारा प्रथम रंगीत माशांकडे पाहतो. परंतु त्या पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू मासा नव्हे, तर तळाशी बसलेला एक ओबडधोबड, छिद्राछिद्रांचा दगड असतो. त्याला जिवंत खडक असे म्हणतात.

दगड आणि जिवंत, हे कसे? दगड स्वतः सजीव नसतो, सजीव असते ती त्याच्यावरची व त्याच्या पोटातली वस्ती. शैवले, स्पंज, बारीक किडे आणि डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवाणू त्याच्या आश्रयाने राहतात आणि पेटीतील पाणी शुद्ध ठेवतात. पेटी फुटली, घर बदलले, मोठी पेटी आणली, म्हणजे प्रश्न पडतो की जुनी पेटी मोडली आणि नवी अजून तयार नाही, अशा मधल्या दिवसांत ह्या दगडाने जगावे कसे? ह्या प्रश्नाचे मूळ ज्यांच्या हातोडी-छिन्नीपाशी जाऊन पोहोचते, त्या फिलिप हेन्री गॉस यांचे चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

फिलिपचा जन्म 6 एप्रिल 1810 रोजी इंग्लंडमधील वूस्टर गावी झाला. वडील लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगवून पोट भरीत आणि त्यासाठी गावोगाव पायी हिंडत. घरी पैशाचा सुकाळ कधीच नव्हता. कुटुंब पूल नावाच्या बंदरात येऊन राहिले आणि फिलिपचे बालपण समुद्राच्या वाऱ्यावर गेले. त्याची एक आत्या होती. तिला निसर्गाची मोठी जाण होती. किड्यांची रूपांतरे तिने त्याला दाखविली, आणि खडकावर फुलासारखी उमलणारी समुद्रपुष्पे भांड्यात समुद्राचे पाणी घालून त्यात ठेवून पाहावी, हेही तिनेच त्याला सुचविले. पुढे जगाला काचेतला समुद्र दाखविणाऱ्या माणसाचा पहिला धडा असा आत्याच्या हातचा होता.

पंधराव्या वर्षी फिलिप एका व्यापारी पेढीत कारकून झाला आणि सतराव्या वर्षी, म्हणजे 1827 साली, अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनिअर येथे कारकुनीसाठी गेला. दिवसभर मासळी आणि सील यांच्या व्यापाराचे आकडे मांडावयाचे आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करून त्यांची चित्रे काढावयाची, असा त्याचा क्रम होता. 1832 साली सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक जुने पुस्तक त्याच्या हाती पडले. त्याच वर्षी त्याच्या मनात धर्मश्रद्धाही दृढ झाली. ह्या दोन्ही गोष्टींनी त्याची साथ मरेपर्यंत सोडली नाही.

त्यानंतरची वर्षे अपयशाची होती. 1835 साली तो कॅनडात शेती करावयास गेला. तीन वर्षे राबूनही शेतीने हात दिला नाही. 1838 साली अमेरिकेतील अलाबामा प्रांतात त्याने मळेवाल्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. तेथील गुलामगिरी पाहून त्याचे मन विटले आणि 1839 साली तो रिकाम्या हाताने इंग्लंडला परतला. हात रिकामे होते, पण वह्या भरलेल्या होत्या. कॅनडातील निसर्गाविषयीचे त्याचे पुस्तक 1840 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्याने लंडनजवळ हॅकनी येथे एक लहानशी शाळा उघडली. शिक्षकाच्या पेशातील हा आमचा समानधर्मी आम्हाला विशेष जवळचा वाटतो.

1844 साली गॉस जमैका बेटावर गेले. तेथे सुमारे दीड वर्ष राहून त्यांनी पक्षी, प्राणी व वनस्पती यांचा अभ्यास केला. तेथील पक्ष्यांवरचा त्यांचा ग्रंथ 1847 साली निघाला. 1848 साली एमिली बाउझ ह्या विदुषीशी त्यांचा विवाह झाला आणि 1849 च्या सप्टेंबरात पुत्र एडमंड जन्मला. त्या दिवशीच्या रोजनिशीत त्यांनी मुलाचा जन्म आणि जमैकाहून आलेल्या एका हिरव्या पाकोळीची पोच, अशा दोन्ही गोष्टी लागोपाठ टिपून ठेविल्या आहेत. निसर्ग आणि संसार यांच्यात त्यांनी भिंत घातलेली नव्हती, एवढाच अर्थ आम्ही त्यातून घेतो.

अतिश्रमाने प्रकृती ढासळली म्हणून 1852 च्या जानेवारीत गॉस इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन किनाऱ्यावर हवापालटासाठी गेले, आणि येथेच त्यांच्या आयुष्याला वळण लागले.

आम्ही कोंकणी बोलणाऱ्या घरातले. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. सुकती लागली म्हणजे कातळांच्या खळग्यांत पाणी अडून राहते आणि प्रत्येक खळगा एक लहानसा समुद्र बनतो. तांबडी-हिरवी शैवले, खेकडे, शंख, कालवे, सारे त्यात नांदत असते. डेव्हनच्या किनाऱ्यावरही असेच खळगे होते. गॉस त्यांत कमरेपर्यंत उतरत, तासन्‌तास वाकून पाहत, आणि जे हवे ते उचलून घरी आणीत. घरी आणलेले शैवल मात्र दोन-चार दिवसांत कुजे आणि पाणी नासे.

विचार करता त्यांच्या ध्यानात आले की, समुद्रशैवलाला झाडासारखी मुळे नसतात. ते दगडाला केवळ चिकटून असते आणि भोवतालच्या पाण्यातूनच आपले अन्न घेते. ते ओढून काढले की त्याची पकड तुटते, अंग फाटते आणि ते मरते. मग त्यांनी हातोडी व छिन्नी घेतली आणि शैवलाला हात न लावता, ते ज्यावर उगवले होते तो खडकाचा तुकडाच फोडून आणण्यास आरंभ केला. 1852 च्या मे महिन्यात मिठाईवाल्याच्या दुकानात असते तशी एक उंच काचेची बरणी त्यांनी मांडली, तीत समुद्राचे पाणी ओतले आणि शैवलासह असे दगडाचे तुकडे ठेविले. पुढे त्यांत लहान प्राणी सोडले. पाणी न बदलता ती बरणी कित्येक आठवडे स्वच्छ राहिली. वनस्पती प्राणवायू सोडीत आणि प्राणी तो घेत. दगडावरील वस्तीने आपला संसार स्वतःच सावरला होता.

न्यायाने सांगावयाचे तर ह्या वाटेवर गॉस एकटे नव्हते. ॲना थिन नावाच्या एका बाईंनी 1846 साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळ दगडी भांड्यातून लंडनला नेले होते. तेथे समुद्र नव्हता. म्हणून घरातील दासी रोज ते पाणी खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळी. पुढे थिनबाईंनी त्या पाण्यात समुद्रशैवलेही ठेविली आणि त्यांचे प्रवाळ वर्षानुवर्षे जगले. रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती व प्राणी यांचा हा समतोल गोड्या पाण्यात दाखवून 1850 साली त्यावर लिहिले. गॉस यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी ही विद्या प्रयोगशाळेतून काढून घरोघरच्या दिवाणखान्यात नेली.

काळही अनुकूल होता. इंग्लंडात काचेवरील कर 1845 साली उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. आगगाडीमुळे किनाऱ्यावरचे जीव एका दिवसात लंडनला पोहोचत. मे 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि त्यासाठी समुद्रातील कितीतरी जीव गॉस यांनी पाठविले. 1854 साली त्यांचा मत्स्यालयावरील ग्रंथ निघाला. त्यातील रंगीत चित्रे त्यांनी स्वतः काढलेली होती. ॲक्वेरियम हा शब्द आज ज्या अर्थाने आपल्या तोंडी आहे, तो अर्थ ह्याच ग्रंथाने रूढ केला.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक अडचण दूर केली. समुद्रापासून दूर राहणाऱ्याने खारे पाणी आणावे कोठून? गॉस यांनी समुद्रजलाच्या रासायनिक पृथक्करणाचा आधार घेऊन नेहमीचे मीठ व इतर तीन क्षार गोड्या पाण्यात मोजून मिसळले आणि कृत्रिम समुद्र तयार केला. परंतु पाणी तयार होताच त्यांनी त्यात प्राणी सोडले नाहीत. आधी शैवल लागलेले दगड ठेविले, काही दिवस जाऊ दिले आणि मगच प्राणी आणले. आधी दगड, मागून प्राणी, हा क्रम आजही मत्स्यपालनाचा पाया आहे.

गॉस यांना ह्या यशाचे अर्धेच कारण ठाऊक होते. शैवल प्राणवायू देते, हे त्यांना कळले होते. पण दगडावरील जीवाणूंचे काम तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. प्राण्यांच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विष निर्माण होते. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट बनवितात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवितात, आणि दगडाच्या खोल छिद्रांत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, तिसरे जीवाणू त्या नायट्रेटमधून नत्रवायू मोकळा करतात. हे रूपांतर जीवांकरवी होते असे फ्रान्समध्ये श्लोझिंग व म्युंट्झ यांनी 1877 साली दाखविले. ते जीवाणू वेगळे काढण्याचे श्रेय रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांचे, आणि ते काम 1890 चे. गॉस त्यापूर्वीच निवर्तले होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. दोन पेट्यांच्या मधल्या काळात जिवंत खडक जगवावयाचा म्हणजे ह्या जीवाणूंना व त्यांच्या शेजाऱ्यांना जगवावयाचे. स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिंपात खारे पाणी घ्यावे. त्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम समुद्री क्षार असावेत. खडक पूर्ण बुडवून ठेवावा आणि लहान पंपाने पाणी सतत हलते ठेवावे, कारण हलत्या पाण्यातच प्राणवायू मिसळतो. उष्णता 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असावी. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो, हे विसरू नये; पिंप सावलीत ठेवून त्यावर पंख्याचा वारा सोडावा. जीवाणूंना प्रकाशाची गरज नाही, पण शैवलांना आहे. पाणी आटले तर गोडे पाणी भरावे, खारे नव्हे. कारण पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. दगड नळाखाली कदापि धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंना मारतो. मुक्काम लांबला तर जीवाणूंच्या पोटासाठी अधूनमधून माशांच्या खाद्याची चिमूट टाकावी.

प्रवास काही तासांचाच असेल तर खाऱ्या पाण्यात भिजविलेल्या वर्तमानपत्रात दगड गुंडाळून नेता येतो. सुकतीच्या वेळी उघडे पडलेले जीव ओल धरून भरतीची वाट पाहतात, तसेच हे आहे. परंतु दगड वाळला तर त्यावरील वस्ती मरते, आणि मेलेली वस्ती कुजून पुन्हा अमोनियाच निर्माण करते. चांगल्या दगडाला समुद्राचा वास येतो, कुजणाऱ्याला नासक्या अंड्यांचा. म्हणून नव्या पेटीत दगड ठेवल्यावर पाण्याची तपासणी करावी आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावाचून मासे सोडू नयेत. गॉस यांचा तोच क्रम, केवळ त्याचे कारण आज आपल्याला उमगले आहे.

पुन्हा चरित्राकडे येऊ. 1856 साली गॉस रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मानाचा हा क्षण ओसरतो न ओसरतो तोच, 1857 च्या फेब्रुवारीत, एमिलीबाई कर्करोगाने वारल्या. त्याच वर्षी त्यांनी धर्मग्रंथातील सृष्ट्युत्पत्तीची कथा आणि भूस्तरशास्त्र यांचा मेळ घालणारे एक पुस्तक लिहिले. ईश्वराने जग निर्माण केले तेच प्राचीनतेच्या खुणांसह, आणि खडकांतील जीवाश्म ह्याही अशाच खुणा होत, असा त्यातील विचार होता. तो ना शास्त्रज्ञांना पटला, ना धर्ममार्तंडांना. पत्नी गेल्यावर गॉस लहानग्या एडमंडला घेऊन टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. तेथे त्यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरील समुद्रपुष्पे व प्रवाळ यांवरील आपला महत्त्वाचा ग्रंथ 1860 साली पुरा केला. त्याच वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला.

परंतु त्यांच्या वाट्याला आलेले एक दुःख ह्या साऱ्याहून निराळे होते. गॉस यांची पुस्तके घरोघर वाचली गेली. वाचणाऱ्यांच्या हातातही हातोड्या आल्या. सुटीच्या दिवसांत झुंडीच्या झुंडी किनाऱ्यावर लोटू लागल्या. खडक फोडले गेले, खळगे रिते झाले, बरण्या भरल्या. त्या बरण्यांतील बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मेले, कारण दगड फोडण्याची विद्या सोपी होती आणि तो जगविण्याची धीराची होती. काही वर्षांनी हौस सरली, पेट्या माळ्यावर गेल्या, पण किनारे पूर्वीसारखे राहिले नाहीत. एडमंडने 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथेत हा उजाड किनारा वर्णिला आहे, आणि ज्याने त्या सौंदर्यावर सर्वांहून अधिक प्रेम केले त्याच्याच पुस्तकांनी ते लुटविले, ह्या जाणिवेने आपल्या वडिलांना किती क्लेश झाले तेही सांगितले आहे.

गॉस यांनी कोणास किनारा लुटण्यास सांगितले नव्हते. तथापि ज्ञान एकदा मुखातून निघाले की ते कोणत्या हातात जाईल, हे शिकविणाऱ्याच्या स्वाधीन राहत नाही. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट विशेष विचार करावयास लावते.

उतारवयात गॉस यांनी ऑर्किड जोपासली आणि रोटिफर नावाच्या सूक्ष्म जलचरांवर हडसन यांच्यासह 1886 साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. 23 ऑगस्ट 1888 रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ह्या परकीय गृहस्थाच्या चरित्राशी बडोदेकरांचे काय नाते, असे कोणी विचारील. नाते आहे. द्वारकेच्या परिसरातील ओखामंडळ हा प्रदेश बडोदे संस्थानात होता, आणि तेथील किनाऱ्याला जिवंत प्रवाळ आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल ह्या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून 1905-06 मध्ये त्या किनाऱ्याची पाहणी करविली. तिचा अहवाल 1909 व 1916 अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला. बडोद्याच्या राजाने आपल्या राज्यातील समुद्राचे प्राणिजीवन शास्त्रशुद्ध रीतीने नोंदवून घेतले, ही अभिमानाची गोष्ट होय. कच्छच्या आखातातील सागरी अभयारण्य 1980 साली आणि राष्ट्रीय उद्यान 1982 साली घोषित झाले. 2001 साली खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. म्हणून आपल्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा तोडून पेटीसाठी आणणे हा आज गुन्हा आहे. छंदी मनुष्याने कृत्रिम, सच्छिद्र दगड घ्यावा आणि त्यावर जीवाणूंची वस्ती हळूहळू वाढू द्यावी. काही आठवड्यांत तोही जिवंत होतो.

त्याच ओखामंडळातील मिठापूरच्या समुद्रात जानेवारी 2020 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने गुजरात वनखात्याच्या साहाय्याने एक निराळा प्रयोग मांडला. समुद्रतळाशी लोखंडी सांगाडा ठेवून त्यातून अल्पसा विद्युत्प्रवाह सोडला, म्हणजे पाण्यातील चुनखडी त्यावर बसते, आणि त्यावर प्रवाळाचे तुकडे रुजविता येतात. डेव्हनच्या किनाऱ्यावर छिन्नी खडक फोडीत होती. येथे माणूस खडक बांधावयास बसला आहे.

छाणी हे जैन मंदिरांचे गाव. पाणी गाळून पिणारी आणि गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडणारी घरे जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचेही स्वतःचे पाणी असते आणि त्याला त्या पाण्यावाचून ठेवू नये, ही जाण त्या आचारात आहे. जिवंत खडक सांभाळणाऱ्यास ह्याहून वेगळे काही शिकावयाचे नाही. ज्याच्या घरी असा दगड असेल त्याने पेटी बदलताना तो अंगणात वाळत टाकू नये, आणि ज्याच्या घरी नसेल त्याने समुद्रावर गेल्यावर खळग्यापाशी बसून तो मनसोक्त पाहावा आणि रिकाम्या हाताने परत यावे.